‘अंतर्मुख’ आणि ‘घुमा’ : तोंड कुठले?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. चौथीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर, वर्णनात्मक नोंदींतील ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात, ‘मुलगा अंतर्मुखी आहे’ असे लिहून आले. त्यांनी ते सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी विचारले, ‘म्हणजे आपला पोऱ्या घुमा शे का?’ ताईंना त्यावर ‘हो’ म्हणवेना आणि ‘नाही’ही म्हणवेना. हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि ‘अंतर्मुख’ बरोबर की ‘अंतर्मुखी’, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सासूबाईंना निःशंकपणे ‘नाही’ म्हणा. घोटाळा ‘मुख’ या शब्दापाशी होतो. मुख म्हणजे तोंड आणि तोंड हे बोलण्याचे साधन, म्हणून अंतर्मुख म्हणजे न बोलणारा, असा अर्थ आपण नकळत लावतो. ‘मुखदुर्बळ’ या शब्दात मुखाचा तो अर्थ आहेही. परंतु ‘अंतर्मुख’मधले मुख दिशा दाखवणारे आहे. ‘घराचे तोंड पूर्वेला आहे’ किंवा ‘गावाकडे तोंड करून उभा राहिला’ असे आपण म्हणतो, त्या वाक्यांतल्या तोंडाचा बोलण्याशी काहीही संबंध नसतो. ज्याच्या मनाचे तोंड आतल्या बाजूला आहे तो अंतर्मुख, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ आहे. तो किती बोलतो, हे या शब्दात कुठेही सांगितलेले नाही.

हा शब्द आपल्याकडे मानसशास्त्रातून आलेला नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. आपल्याच गावात श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. तेथे ज्या वेदान्ताचा अभ्यास होत आला, त्या परंपरेत अंतर्मुख होणे ही साधकाने प्रयत्नाने मिळवायची अवस्था आहे. कठोपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभच असा आहे की, विधात्याने इंद्रियांची द्वारे बाहेरच्या बाजूला पाडली, म्हणून माणूस बाहेर पाहतो, अंतरात्म्याकडे पाहत नाही. एखादाच धीर पुरुष डोळे वळवून आत पाहतो. त्या पुरुषासाठी तेथे ‘आवृत्तचक्षु’ असा शब्द योजला आहे. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील आपला जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ज्यांच्यामुळे ‘इंट्रोव्हर्ट’ व ‘एक्स्ट्रोव्हर्ट’ हे शब्द पुढे सर्वतोमुखी झाले त्या दोन वृत्ती त्यात सविस्तर मांडल्या. ‘इंट्रो’ म्हणजे आत, आणि शब्दाचा उत्तरार्ध ‘वळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. तो धातू आणि ‘आवृत्त’मधला आपला ‘वृत्’ हे एकाच मूळ धातूची रूपे आहेत. म्हणून ‘इंट्रोव्हर्ट’साठी ‘अंतर्मुख’ हा पर्याय ज्यांनी निवडला त्यांची निवड मला अतिशय नेमकी वाटते. युंगच्या विवेचनातही गाभ्याचा प्रश्न मनाची शक्ती कोणत्या दिशेला वाहते हा आहे, आणि कोणताही माणूस पूर्णपणे एकाच बाजूचा नसतो हेही त्यात गृहीत आहे.

मात्र मराठीत या शब्दाचा अर्थ क्रियापदावर ठरतो. ‘अपघाताच्या बातमीने मी अंतर्मुख झालो’ या वाक्यात अंतर्मुखता ही घडीभराची अवस्था आहे, आणि तेथे तिला थोडा मोठेपणाही आहे. ‘मुलगा अंतर्मुख आहे’ या वाक्यात तीच अंतर्मुखता स्वभाव होते. मराठी वाचकाला पहिला प्रयोग अंगवळणी पडलेला आहे, दुसरा अजून नवा आहे. म्हणून दुसऱ्याचा अर्थ लावताना तो घरातला एखादा ओळखीचा शब्द शोधतो आणि त्याच्या हाताला ‘घुमा’ लागतो.

‘घुमा’ हा शब्द निरागस नाही. घुम्या माणसाच्या पोटात काहीतरी आहे आणि तो ते मुद्दाम बाहेर येऊ देत नाही, असा संशय या शब्दात भरलेला असतो. त्यापुढची पायरी म्हणजे ‘आतल्या गाठीचा’. ‘भिडस्त’ माणसाला नाही म्हणता येत नाही, ‘बुजरा’ अनोळखी माणसांना घाबरतो, मुखदुर्बळाला बोलायचे असते पण ऐनवेळी शब्द फुटत नाही, ‘एकलकोंडा’ दूर राहतो आणि ‘माणूसघाणा’ला माणसेच नकोशी असतात. या सर्व शब्दांत एक साम्य आहे. समोरच्याच्या वागण्याचा आपल्याला काय अनुभव आला, त्याला अनुसरून ते घडले आहेत. ‘अंतर्मुख’ हा शब्द त्या माणसाच्या आत काय चालते ते सांगतो, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल येथेच आहे. त्याच न्यायाने ‘बहिर्मुख’ म्हणजे ‘मनमिळाऊ’ असेही समजू नये. चारचौघांत रमणारा माणूस भांडखोर असू शकतो, आणि अंतर्मुख माणूस अत्यंत मनमिळाऊ असू शकतो.

हा भेद नात्यांत किती महत्त्वाचा ठरतो, ते मी आमच्याच घरी पाहिले आहे. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांच्या सणासाठी सारे भाऊबंद एका घरी जमत. माझा एक आतेभाऊ सकाळपासून सर्वांबरोबर राबे, विचारले तर नीट उत्तर देई, आणि दुपार कलली की एकटाच धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, जाऊन बसे. ‘रुसला’, ‘घुमा आहे’, ‘मनात काहीतरी धरून बसला आहे’, असे खाली बोलले जाई. मग कुणीतरी त्याची समजूत घालायला वर जाई, आणि न रुसलेल्या माणसाची समजूत घातल्यामुळे तो खरोखरच अवघडून जाई. माझ्या काकांना मात्र जितकी माणसे वाढत तितका हुरूप येई. दोघांचाही त्या घरावर सारखाच जीव होता. गर्दीत काकांना बळ मिळे आणि त्याचे सरे, एवढाच फरक होता. हिवाळ्यात मळ्यात भरीत करायचे ठरले की हाच मुलगा बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भाजलेली वांगी ठेचत शेजारच्या एकाच माणसाशी तासन्‌तास बोले. असा मुलगा घुमा कसा असेल? ‘घुमा’ म्हटले की लोक खुलासा मागू लागतात. ‘अंतर्मुख’ म्हटले असते तर त्याला तासभर धाब्यावर बसू दिले असते. पुढे कित्येक वर्षे तो कानबाईला आलाच नाही, याला ते शब्दही कारण झाले असे मला आज वाटते आणि त्याचे वाईट वाटते.

आता दुसरा प्रश्न. ‘अंतर्मुख’ हा बहुव्रीही समास आहे, म्हणजे तो जात्याच विशेषण आहे. त्याला पुन्हा ‘ई’ जोडण्याची गरज नाही. संस्कृतात ‘अन्तर्मुखी’ हे स्त्रीलिंगी रूप होईल. मुलासाठी आपल्याकडे ते रूप वापरले जाते ते मुख्यतः हिंदीच्या सहवासाने, असे मला वाटते. तरीही मी त्याला अशुद्ध म्हणणार नाही, कारण ‘दक्षिणमुखी मारुती’ आणि ‘पंचमुखी रुद्राक्ष’ मराठीत केव्हाच रुळले आहेत. लिहिताना ‘अंतर्मुख’ आणि ‘अंतर्मुखता’ ही रूपे वापरावीत. ‘आंतरमुख’ असे मात्र लिहू नये.

शाळेत गेलात, ताई, तर गुरुजींना रूपाबद्दल काही सांगू नका. रकान्याबद्दल अवश्य विचारा. मुलगा वर्गात शंका विचारायला कचरत असेल, तर ‘सुधारणा आवश्यक’मध्ये तेवढेच लिहावे, म्हणजे त्यावर काही करता येईल.