ब्लाइंड टेस्टिंग शिकताय? आधी दोनच ग्लास भरा

ब्लाइंड टेस्टिंगच्या, म्हणजे लेबल न बघता वाइन चाखून ओळखायच्या, स्पर्धेत उतरायचं ठरवलंत, मनापासून आनंद झाला. फ्रान्समधल्या वाइनच्या गावांची नावं आत्ता पाठ करू नका, त्याला वेळ आहे.

नाशिकची सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन व्हाइट वाइन पुण्यात सहज मिळतात. घरच्या कुणाला तरी बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला सांगा आणि 50-50 मिली शेजारी शेजारी ओतून घ्या. ढोबळी मिरचीचा हिरवट वास कशात येतो? बहुधा ती सोव्हिन्यॉ. एकेकटी वाइन पिऊन वर्षभरात जे कळत नाही, ते अशा जोडीत दोन आठवड्यांत कळतं.

मग या तीन गोष्टी लिहा, दरवेळी याच क्रमाने:
- आंबटपणा: घोट थुंकल्यावर तोंडाला पाणी किती वेळ सुटतं?
- टॅनिन (म्हणजे तुरटपणा): फार उकळलेल्या कोऱ्या चहासारख्या हिरड्या आवळतात का?
- अल्कोहोल: घशात ऊब किती?

नाक मंडईत तयार होतं. पेरू, लिंबाची साल, कोथिंबीर डोळे मिटून हुंगा. घरी मिरे कुटून बघा; शिराझ या रेड वाइनमध्ये मिऱ्याचा वास येतो तो त्याच रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे.

नवख्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे पहिल्याच वासाला वाइनचं नाव ठरवून मग पुरावे शोधणं. मीही कितीतरी महिने तेच करत होतो. ऑक्सफर्ड-केंब्रिज विद्यापीठांच्या ब्लाइंड टेस्टिंगच्या सामन्यात, जो 1953 पासून चालू आहे, नीट वर्णनालाही गुण असतात. थुंकायला लाजू नका, नाहीतर चौथ्या ग्लासला जीभ साथ सोडते. व्हाइट वाइन फ्रीजमधून काढल्यावर पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. आणि चाखायच्या दिवशी अत्तर नको.