हा सईद कोण?

प्रश्न आला आहे: बेली डान्समध्ये काठी घेऊन नाचतात त्याला 'सईदी' म्हणतात, तर तो नाच कुणा सईदने सुरू केला का?

नाही हो. वर्कशॉपमध्ये 'सईदी म्हणजे आनंदाचा नाच' असं ठोकून देतात, तेही चूक. अरबीत दोन 'स' आहेत, एक साधा 'सीन' आणि एक जड 'साद'. देवनागरीत दोघे एकाच खोलीत राहतात, तिथे घोळ होतो. सीनवाला सईद म्हणजे सुखी, भाग्यवान. पोर्ट सईद हे बंदर त्या नावाच्या राज्यकर्त्यावरून. सादवाला सईद म्हणजे चढता, उंच मुलूख. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, त्यामुळे इजिप्तचा 'वरचा' भाग नकाशात खाली दिसतो. तो भाग म्हणजे सईद आणि तिथला तो सईदी. आपल्याकडे घाट चढून आलेल्याला घाटी म्हणतात, साधारण तसंच.

खुद्द नाचाचं नाव 'रक्स अल-असाया'. रक्स आपल्याला रक्कासेमुळे माहीत. असाया म्हणजे काठी, ग्रांथिक अरबीत 'असा'. फारसीच्या हाताला धरून हाच शब्द मोगल दरबारात आला आणि राजदंड धरणारा असाबरदार झाला. अरबीत प्रवास संपवून कुणी कायमचा स्थिरावला की 'त्याने काठी टाकली' म्हणतात आणि बंड केलं की 'काठी चिरली'. एका काठीत मुक्कामही आणि बंडही!

पण माझा लाडका शब्द 'तहतीब'. सईदी पुरुषांचा काठीचा खेळ, 2016 साली युनेस्कोच्या यादीत गेलेला. मुळात 'हतब', म्हणजे चक्क सरपण. माझा आपला तर्क असा की मोळी बांधता बांधता गड्यांनी त्यातलीच एकेक काठी उपसली असणार. नृत्यावर लिहिणारे मात्र थेट फेरोपर्यंत, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांपर्यंत उडी मारतात. मेदिनेत हाबू या तिथल्या प्राचीन मंदिराच्या भिंतीवर काठीने झुंजणारे गडी कोरलेले आहेत, कबूल. पण चित्रावरून शब्दाचं वय कसं ठरवता? इजिप्तमध्ये अरबी रुजली ती सातव्या शतकानंतर. फेरो काय म्हणत असेल ते असो, 'तहतीब' नक्कीच म्हणत नव्हता.

पुरुषांची काठी उंच आणि जाड, फटका अडवायला. बायकांची बारीक, वाकड्या मुठीची. ती खांद्यावर, डोक्यावर तोलायची, गरगर फिरवायची, गड्यांच्या ऐटीची जरा टिंगल करत. सोबत मिझमार या सनईसारख्या वाद्याचा कर्कश सूर आणि 'दुम तक, दुम दुम तक' असा ठेका. हे सारं रंगमंचावर नेण्यात इजिप्तचे नर्तक महमूद रेदा यांच्या 1959 साली निघालेल्या पथकाचा मोठा हात.

आणि आखातातला 'अय्याला' दिसला की त्यालाही सईदी म्हणू नका. बांबूच्या काठ्या घेऊन समोरासमोर रांगा धरणारी ती माणसं ओमान-अमिरातीतली. त्यांचा नाईलशी काडीचाही संबंध नाही.