त्सुबा, परज आणि रिक्षा

एका वाचकाने विचारले आहे: "माझे मामा नोकरीनिमित्त बरीच वर्षे योकोहामात होते. तिथे त्यांनी जपानी तलवारींचे सुटे भाग जमवले. चाळीसएक नग असतील. आता ते माझ्याकडे आले आहेत आणि त्यांची सूची मला मराठीतच करायची आहे, कारण पुढे ती वाचणारी घरातली माणसे मराठीच असणार. मूठ आणि पाते यांच्यामध्ये जी तबकडी असते तिला परज म्हणावे, की त्सुबा असेच लिहावे? त्सुबा लिहिले तर तो, ती की ते? आणि काही नग काळे पडले आहेत, ते कसे नोंदवू?"

शेवटच्या प्रश्नाने मला धास्ती वाटली. त्याचे उत्तर खाली सविस्तर आहे, तोवर कृपा करून त्या काळ्या नगांना चिंच-मीठ लावू नका.

आधी परज. आपल्या तलवारीच्या मुठीवर बोटांपुढून कमानीसारखी वळत जाऊन मुठीच्या टोकाशी भिडणारी पट्टी म्हणजे परज. तलवार एका हाताने पेलायची, म्हणून बोटांना पुढून आडोसा. जपानी तलवारीची, म्हणजे कतानाची, मूठ लांब असते आणि ती बहुतेक वेळा दोन्ही हातांनी धरतात. तिच्या बोटांपुढे कमान नसते. त्सुबा ही मधोमध भोक असलेली तबकडी. पाते तिच्यातून आरपार जाते, आणि हात पुढे धारेवर घसरू नये, समोरच्याचे पाते बोटांवर उतरू नये हे काम ती करते. दोन्ही वस्तू हाताचेच रक्षण करतात हे खरे, पण सूचीत परज असे वाचून पेटी उघडणारा कमान शोधत बसेल. मूठ तर मुळीच म्हणू नका. मुठीला जपानीत त्सुका हा वेगळा शब्द आहे, आणि मूठ हा मराठी शब्द त्सुकासाठीच राखून ठेवावा.

माझे मत असे: भागाचे नाव जपानी ठेवा, कारागिरीचे वर्णन मराठीत करा. भाग त्यांच्या तलवारीचा आहे, तो आपल्याकडे नव्हताच. पण धातू ठोकणे, कोरणे, त्यात तार बसवणे हे आपल्याही कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे आणि त्याचे शब्द आपल्याजवळ आहेत. त्सुबा, फुची, काशिरा, मेनुकी, कोझुका, कोगाई, सेप्पा, हाबाकी ही नावे तशीच घ्या आणि सूचीच्या पहिल्या पानावर एकेका ओळीत समजावून टाका. फुची म्हणजे काठ: मुसळाला लोखंडाची वसवी असते तशी मुठीच्या तोंडाशी बसणारी पट्टी. काशिरा म्हणजे डोके, मुठीच्या दुसऱ्या टोकाची टोपी. मेनुकी हा मुठीवर बसवलेला छोटा नक्षीचा नग, कोझुका ही म्यानाच्या कडेला ठेवायच्या लहान सुरीची मूठ, कोगाई ही तिथेच ठेवायची केसांच्या काट्यासारखी सळई, आणि हाबाकी ही पात्याच्या बुडाशी बसणारी धातूची पट्टी. सेप्पा ही त्सुबाच्या दोन्ही अंगांना बसणारी पातळ चकती. हिच्यावरून जपानीत एक सुंदर वाक्प्रचार आहे, सेप्पा त्सुमारु. चकती घट्ट आवळून बसली की तलवार उपसताही येत नाही आणि म्यानही करता येत नाही; माणूस असा कात्रीत सापडला की तिथे हे शब्द वापरतात. त्सुबाला त्सुबा भिडवून दोघे एकमेकांना रेटतात त्या त्सुबाझेरिआईवरून तिथली वर्तमानपत्रे आजही अटीतटीच्या लढतीचे वर्णन करतात.

या सगळ्या भागांना मिळून एक मराठी शब्द मात्र हवा, आणि तो आपल्याकडे तयार आहे: साज. घोड्याचा साज असतो, गळ्यातला कोल्हापुरी साज असतो, तसा हा तलवारीचा साज. 'सुटे भाग' म्हटले की गॅरेज आठवते.

आता लिहिण्याचा प्रश्न. त्सु हा उच्चार ऐकून पुष्कळ जण बिचकतात, पण मराठी माणसाला तो लहानपणापासून येतो. चुना, चूल, चूक म्हणताना जीभ दातांमागे टेकते, तोच हा च. चहा आणि चिमणीतला नव्हे. मग चुबा असे का लिहू नये? कारण आपली लिपी हे दोन च वेगळे दाखवत नाही, आणि वाचणारा तो चुंबकातल्या चसारखा वाचील. २००४ नंतर त्सुनामी हे रूप सगळ्यांच्या डोळ्यांना सवयीचे झाले आहे. त्याच वाटेने त्सुबा लिहावे. सुबा नको, तो इंग्रजी जिभेचा सोयीस्कर उच्चार आहे.

इंग्रजीतून येताना आणखी एक गोष्ट बिघडते. जपानी त आणि द दंत्य आहेत, आपल्या तांदूळ आणि दारातल्यासारखे. रोमन अक्षरे पाहून आपण तिथे ट आणि ड घालतो. टोकियो आता रुळले, ते बदलायला जाऊ नये. पण नव्याने लिहिताना शाकुदो (साजात वापरतात ती एक मिश्रधातू) लिहा, शाकुडो नको; एदो काळ (इ.स. १६०३ ते १८६८) लिहा, एडो नको; गोतो (साज घडवणारे एक घराणे) लिहा, गोटो नको. आणि शेवटचा इकार दीर्घच येऊ द्या: मेनुकी, हाबाकी. जपानीत तो ऱ्हस्व आहे हे मला ठाऊक आहे, पण शब्द मराठी वाक्यात आला की शुद्धलेखन मराठीचे.

लिंगाचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. आकारान्त म्हणून सोफ्याप्रमाणे पुल्लिंगी करायचा मोह होतो: तो त्सुबा, ते त्सुबे, त्सुब्यावर. पण आपल्या घरात एक आकारान्त जपानी शब्द केव्हाचा नांदतो आहे. रिक्षा! मूळ जिनरिकिशा, म्हणजे माणसाच्या बळाने चालणारे वाहन. इंग्रजीतून फिरून आपल्याकडे आला आणि पहिला 'जिन' वाटेत गळला. त्याला मराठीने काय केले? ती रिक्षा, दोन रिक्षा, रिक्षाने गेलो. काही जण रिक्षेने म्हणतात, पण बहुतेकांच्या तोंडी शब्दाला धक्का लागत नाही. तेव्हा ती त्सुबा, पाच त्सुबा, त्सुबाची जाडी. परज स्त्रीलिंगी, तबकडीही स्त्रीलिंगी, त्यामुळे कानालाही ते बरे लागते. सूचीच्या दृष्टीने याचा मोठा फायदा आहे: शब्द प्रत्येक विभक्तीत एकच राहतो, त्यामुळे संगणकावर शोधताना एकही नोंद निसटत नाही. मेनुकी मात्र पणतीसारखी चालू द्या: एक मेनुकी, दोन मेनुक्या.

आता धातू. इथे शब्दशः भाषांतर करणारा हमखास फसतो. शाकुदो हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ तांबडे तांबे. प्रत्यक्षात शाकुदोची वस्तू निळसर झाक असलेली काळीभोर असते. तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोने घालून केलेली ही मिश्रधातू ओतताना तांबूसच दिसते. मग ती वस्तू मुळ्याच्या किसाने माखतात आणि तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळतात. त्या उकळीत तिच्यावर काळा रंग उमटतो. तो वरून दिलेला लेप नाही, म्हणून त्याला मुलामाही म्हणू नये. दुसरी शिबुइची: चारातला एक भाग. याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, चौथाई. ज्यांच्या इतिहासात चौथवसुली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाऊण हिस्सा तांबे, पाव हिस्सा चांदी, आणि रंग राखाडी. मात्र कारागीर हे प्रमाण बदलत असत, म्हणून सूचीत शिबुइची एवढेच लिहा आणि चौथाई हा अर्थ पहिल्या पानावर ठेवा.

आणि म्हणूनच 'काळे पडले आहेत' हे शब्द वाचून मी धास्तावलो. मराठीत पडणे आणि चढवणे यांत कर्त्याचा फरक आहे. तांब्याचा तांब्या काळा पडतो, कुणी पाडत नाही, आणि मग आपण तो चिंचेने घासून लख्ख करतो. शाकुदोवर काळा रंग चढवलेला असतो, कारागिराने, मुद्दाम, मोठ्या खटपटीने. सूचीत 'काळा पडलेला' असे लिहिलेत तर वीस वर्षांनी घरातले कुणीतरी प्रेमळ माणूस दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो नग उजळवून ठेवील, आणि दीड-दोनशे वर्षांचा रंग पाच मिनिटांत जाईल. लिहा: 'शाकुदो, काळा रंग चढवलेला, घासू नये.' लोखंडी त्सुबाचेही तसेच. तिच्यावरचा गडद तपकिरी, गुळगुळीत थर आणि तांबूस, भुसभुशीत गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी मराठीत चटकन शब्द सापडत नाही. मी 'मुरलेला रंग' लिहीन. लोणचे मुरते, गाणे मुरते, तसा हाही काळाने मुरतो. गंज हा शब्द फक्त खऱ्या गंजासाठी ठेवा.

कारागिरीचे शब्द निवडताना कसोटी एकच लावा: कृती तीच आहे का? नुनोमे-झोगानमध्ये लोखंडावर छिन्नीने बारीक आडवेउभे चरे पाडतात आणि त्यांवर सोन्याचा पातळ पत्रा ठोकून धरवतात. आपली कोफ्तगारी हीच. नुनोमे म्हणजे कापडाची वीण, ते चरे दिसतातही तसेच. इथे कोफ्तगारी खुशाल लिहा. सुकाशी म्हणजे आरपार कापलेली नक्षी, तिला जाळीकाम म्हणा. पण नानाकोपाशी थांबा. बारीक दाण्यांची ती जमीन पाहून आपल्या सोनाराला रवाकाम आठवेल. रवे वेगळे करून वर डाखतात. नानाकोचे दाणे मात्र पोकळ तोंडाच्या ठशाने, एकेक ठोका मारत, त्याच पत्र्यातून उठवलेले असतात. म्हणून रवाकाम चूक. नानाको लिहिताना मत्स्य आणि अपत्य या अर्थांची चिन्हे वापरतात, म्हणजे आपली गाभोळी! कोकणातल्या माणसाला ती जमीन दाखवून गाभोळी म्हणा, पुढे काही समजवावे लागणार नाही.

नग कुणाचा हे लिहिताना इंग्रजी 'स्कूल'वरून घेतलेला 'शाळा' हा शब्द टाळा. घराणे म्हणा. गोतो युजो (१४४०–१५१२) हा शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी राज्यकर्ता, असलेल्या आशिकागा योशिमासाच्या पदरी होता, आणि त्याच्यापासून मुख्य गोतो घराण्याच्या १७ पिढ्या हेच काम करत राहिल्या. वडिलांकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे, आपल्या गायकीसारखेच. खात्री नसेल तिथे 'गोतो वळणाचे' म्हणा. वळण म्हटले की शैली कळते आणि मालकीचा दावा होत नाही. नाव कोरलेले नसेल तर जपानीत मुमेई, आपल्याकडे निनावी. निनावी म्हणजे हलके असा अर्थ मात्र घेऊ नका. गोतोंच्या पहिल्या पिढ्यांनी कामावर नाव कोरण्याचा परिपाठ ठेवलाच नव्हता. उलट, कोरलेले नाव खोटेही असू शकते, म्हणून 'अमक्याचे काम' न लिहिता 'अमक्याचे नाव कोरलेले' लिहा.

त्सुबाच्या दोन बाजूंना कापडासारखे सुलट-उलट म्हणण्यापेक्षा दर्शनी आणि पाठची म्हणा. दर्शनी बाजू मुठीकडची, आणि नाव असलेच तर बहुधा तिथेच. फोटो दोन्हींचे घ्या. मधल्या भोकात तांब्याचे तुकडे ठोकलेले दिसले तर त्यांना पाचर म्हणा: दुसऱ्या पात्यावर त्सुबा घट्ट बसावी म्हणून ते घालत, ती मोडतोड नव्हे. १८७६ मध्ये जपानमध्ये कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी आली आणि कितीतरी साज पात्यांपासून सुटून विकले गेले. त्यामुळे मामांच्या पेटीतली फुची एकाची आणि काशिरा दुसऱ्याची निघू शकते. मेनुक्या जोडीने असतात, मुठीच्या दोन अंगांना एकेक. जोडीला एकच क्रमांक द्या, आणि नक्षी किंवा धातू जुळत नसेल तर विजोड असे लिहा.

तुमच्या पहिल्या लोखंडी त्सुबाची नोंद मी अशी करीन: 'क्र. १. त्सुबा. लोखंड, जाळीकाम, काठावर कोफ्तगारीचे अवशेष. निनावी. उंची, रुंदी, काठाशी जाडी आणि भोकाशी जाडी मिमीत. भोकात तांब्याच्या दोन पाचरी. रंग मुरलेला, पाठच्या बाजूला खाली थोडा गंज. घासू नये.'