गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही, आणि खाल्लं की दोन तासांनी हात थरथरतात. यातून कोणी बाहेर पडलंय का?

हो, मी पडले आहे. सहा वर्षं झाली. तुम्ही लिहिलंय की उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली, घरचे म्हणतात सगळे मनाचे खेळ आहेत, आणि सोमवारी सोडलेली साखर बुधवारी परत सुरू होते. गूळ चालतो का आणि चतुर्थीच्या उपवासाचं काय करायचं, हेही विचारलंय. तुमचं मन कच्चं आहे म्हणून हे होत नाही, एवढं आधी सांगते. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. घरात चार माणसांत राहून हे कसं जमवायचं, ते मी माझ्या अनुभवावरून सांगते.

मी सांगली जिल्ह्यातली, उसाच्या पट्ट्यातली. सासरे साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे दिवाळीला सभासद कार्डावर सवलतीची साखर येते. आमच्याकडे साखर कधी पुडीनं आली नाही, पोत्यानंच आली. मी प्राथमिक शाळेत शिकवते. तेव्हा माझी सकाळ अशी असायची: साडेपाचला उठायचं, सगळ्यांचे डबे करायचे, त्यात दोन कप चहा, आणि निघताना उभ्या उभ्या तिसरा, सोबत चार-पाच बिस्किटं. नाश्ता नाही. वेळच नसायचा. अकराच्या सुमारास दुसऱ्या तासाला घाम फुटायचा, छातीत धडधड व्हायची. एकदा फळ्यावर सतराचा पाढा लिहीत होते आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुमचा हात का हालतोय?" मी खडू खाली ठेवला, पर्समधली चिक्की तोंडात टाकली आणि पाच मिनिटांत बरं वाटलं. मला वाटलं, बघा, गोडानंच बरं वाटतंय. फसगत तिथेच होती.

तालुक्याच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करायला सांगितली: थरथर होत असेल तेव्हाच शुगर मोजा. शेजारच्या मावशींचं ग्लुकोमीटर घेऊन गेले. निघतानाच्या चहा-बिस्किटांनंतर पाऊण तासानं १६८ आली, सव्वाअकराला ७१. डॉक्टर म्हणाले, ७१ हा आकडा तसा धोक्याचा नाही, पण तुमची साखर ज्या वेगानं वर गेली त्याच वेगानं खाली आलीय, आणि शरीर त्या घसरणीला घाबरतंय. रिकाम्या पोटी नुसती साखर आणि मैदा गेला की रक्तातली साखर झपकन चढते, ती आवरायला शरीर भरपूर इन्सुलिन सोडतं, मग दोन-तीन तासांनी साखर खाली येते. ती सावरायला ॲड्रेनलिन, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणारं संप्रेरक, धावून येतं. घाम, धडधड, थरथर आणि ती न आवरणारी भूक ही सगळी त्या घसरणीचीच लक्षणं. आपण परत गोड खातो आणि पाळणा परत वर जातो. साखर खरोखर ७० च्या बरीच खाली जात असेल तर डॉक्टर त्याला रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया, म्हणजे खाल्ल्यानंतर साखर घसरणं, म्हणतात. लोक म्हणतात ते 'शुगर सेन्सिटिव्हिटी' हे काही कुठल्या केसपेपरवर लिहायचं नाव नाही. आमच्या मावशींचा शब्द मला जास्त पटतो: "तुला साखर सोसत नाही गं."

माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या काठावर, ६.५ पासून मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी लोक निघाले आणि काठावरचे १३.६ कोटी. काठावरच्यांची गर्दीच जास्त आहे. म्हणून नुसत्या उपाशीपोटीच्या रिपोर्टवर थांबू नका. जेवणानंतर दोन तासांची शुगर आणि एचबीए१सी करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दाखवू शकतं, आणि आपल्याकडे बायकांचं लोह किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. घरात कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: थरथर होऊन मीटर ७० च्या खाली दाखवत असेल तर तिथे साखर हेच औषध. तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा.

आता आहार. मी आधी चूक केली ती साखर एकदम तोडण्याची. चौथ्या दिवशी डोकं दुखून फुटायची वेळ आली आणि पाचव्या दिवशी मी अर्धा किलो बालुशाही आणली. दिवसातून दोनदाच जेवायचा प्रकारही करून पाहिला. कुणाकुणाला तो मानवतो, मला मानवला नाही, संध्याकाळी पाचला एसटीत बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, साखर नंतर बघू, आधी सकाळी पोटभर खा. तीन आठवडे मी साखर कमी करायच्या भानगडीत पडलेच नाही. फक्त उठल्यापासून तासाभरात नाश्ता, आणि त्यात प्रथिनं. दोन उकडलेली अंडी म्हणजे बारा ग्रॅम. नाहीतर रात्री मोड आणलेल्या मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी, किंवा झुणका-भाकरी आणि वाटीभर दही. पोहे करायचेच असतील तर पोहे मूठभर आणि त्यात शेंगदाणे, वाटाणे, मटकी असं की पोहे शोधावे लागतील. दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी साडेबारा वाजले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आज अकराला काही झालंच नाही. चिक्की पर्समध्ये तशीच होती.

त्यानंतर चहा. माझे दिवसाचे चार कप, दर कपात दोन चमचे, म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ च्या आत ठेवली तर आणखी चांगलं. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा लहान चमचे. मी दर पंधरा दिवसांनी कपामागे पाव चमचा कमी केला. जिभेला पत्ताच लागत नाही. आज मी चहा बिनसाखरेचा पिते आणि लग्नकार्यात कुणी गोड चहा दिला तर दोन घोटांपुढे जात नाही.

तुमच्या घरासाठी एक हिशोब सांगते. तेव्हा आम्ही पाच माणसं आणि महिन्याला सहा किलो साखर. म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम, बिस्किटं आणि वाढदिवसाचे केक वेगळे. वाण्याची यादी समोर घेऊन हा भागाकार करून बघा. आता आमचं दीड किलोवर आलंय.

गुळाबद्दल तुम्ही विचारलंयत. कोल्हापूरचा गूळ माझाही जीव की प्राण. पण गुळात बहुतेक साखरच असते, रक्तात गेल्यावर शरीर त्याला साखरेसारखंच वागवतं. मधाचंही तेच. मी वर्षभर 'गुळाचा चहा चालतो' असं म्हणत स्वतःची समजूत घालत होते.

जेवणात दोन बदल सगळ्यात उपयोगी पडले. आधी काकडी-कांदा-पालेभाजी, मग उसळ-आमटी, आणि भात शेवटी, थोडासा. तेच ताट, फक्त क्रम बदलला, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मी मीटरवर पाहिलंय. आणि जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चालणं.

एवढं सगळं कळूनही मी दोनदा घसरले. कारण साखर मी डब्यातून घेत नव्हते, ती मला कुणीतरी देत होतं. बढती झाली, तोंड गोड करा. मुलगा पास झाला, पेढा घ्या. संक्रांत, पूजेचा प्रसाद, पाहुण्याकडचा चहा. नाही म्हटलं की माणूस दुखावतं. आपल्याकडे गोड हे कुणाच्या तरी हातून येतं, म्हणून एकटीनं सोडून ते सुटत नाही. ज्यांच्या हातून येतं त्यांनाच सोबत घ्यावं लागतं.

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. महिन्याच्या बैठकीला चहा, फरसाण आणि काहीतरी गोड ठरलेलं. एका बैठकीत मी सरळ सांगून टाकलं, मला हे असं असं होतं आणि मला एकटीला जमत नाही. मला वाटलं हसतील. आधी कुणीच काही बोललं नाही, मग एक म्हणाली, "माझी एकशे चाळीस आहे, घरात सांगितलं नाही." मग दुसरी. बारापैकी पाच जणी निघाल्या. त्या दिवसापासून बैठकीत भडंग आणि ताक. आम्ही पाच जणींनी व्हॉट्सॲपवर वेगळा गट केला. रोज चार वाजता, म्हणजे जीव गोडासाठी कासावीस होतो त्या वेळेला, प्रत्येकीनं लिहायचं: सकाळी काय खाल्लं, आत्ता कसं वाटतंय. नियम एकच. कुणी 'आज घसरले' लिहिलं तर कुणी रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही, फक्त 'रात्री काय जेवणार?' एवढं विचारायचं. या एका नियमावर आमचा गट सहा वर्षं टिकलाय. आधीच्या घसरणीत मी लपून खायचे, आणि लपून खाल्लं की पोटभर खाल्लं जातं.

पहिल्या दिवाळीतली रात्र सांगते. साडेदहा वाजले होते, घर झोपलेलं. मी स्वयंपाकघरात अंधारात उभी, बेसनाच्या लाडवांचा डबा उघडा, एक खाऊन झाला होता आणि दुसरा हातात. तुपाचा वास बोटांना. डाव्या हातानं गटावर लिहिलं, 'डब्यापाशी उभी आहे.' मिनिटभरात शेजारच्या मावशींचा फोन. "झाकण लाव आणि गच्चीवर ये. मी पण येते." त्या त्यांच्या गच्चीवर, मी आमच्या, मधे हातभर भिंत. कुणाच्या तरी दारचा आकाशकंदील विझायला आला होता. वीस मिनिटं आम्ही येरझाऱ्या घातल्या, सुनांच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारल्या. लाडवाचा विषयही निघाला नाही. खाली आले तेव्हा ओढ ओसरली होती. माझी अशी ओढ बहुधा वीस-पंचवीस मिनिटांची असते, तेवढा वेळ सोबत मिळाली की निभतं.

२००२ साली अमेरिकेत काठावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहार, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन कमी, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की तिथे आहार-व्यायामाच्या गटातल्या प्रत्येकाच्या पाठीशी विचारपूस करणारं एक ठरलेलं माणूस होतं. आमच्या गटात ते काम आम्ही एकमेकींचं करतो. आठ महिन्यांनी माझं एचबीए१सी ५.६ आलं.

सासूबाईंना समजवायला सगळ्यात वेळ लागला. "सणासुदीला तोंड कडू ठेवत्यात व्हय? एवढ्यानं काय हुतंय?" त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला शिरा मी नाकारला की त्या दिवसभर बोलायच्या नाहीत. त्यांचं प्रेम त्या शिऱ्यात होतं, हे मला उशिरा कळलं. मग एक दिवस त्यांच्यासमोर मीटर घेऊन बसले. शिऱ्याच्या आधी मोजलं, नंतर तासाभरानं मोजलं, आकडे त्यांच्याच हातानं कॅलेंडरवर लिहायला लावले. त्या बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पितळी वाटीत शेंगा, लोखंडी तव्यावर भाजलेल्या, अजून गरम. "ह्या तरी चालत्यात का बघ." आजही मला यायला उशीर झाला तर त्या वाटीवर ताटली झाकून ठेवतात.

चतुर्थीच्या उपवासाचं तुम्ही शेवटी विचारलंय. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, माझ्या मीटरवर खिचडीनं शिऱ्याइतकीच उडी मारली होती. मी उपवास सोडला नाही. वाटीभर भगर, तिच्या दुप्पट शेंगदाण्याची आमटी, काकडीची दही घातलेली कोशिंबीर, आणि दुपारी ताक. चंद्रोदयाला मोदक असतो. तो मी एक खाते, जेवणाच्या शेवटी, सगळ्यांसोबत बसून.