अतीत कोण?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज चारदा वाचला. गणपतीत तू दर्शन घेऊन लगेच निघणार होतास आणि तीन तास बसलास. माझी ३६ वर्षांची मुलगी आणि ३३ वर्षांचा मुलगा मोदकपात्राचं झाकण कोणी उघडायचं यावरून भांडत होते आणि तुझा पाय निघेना. घरी जाऊन तू लिहिलंस, ‘बाई, माझी लेक मोठी झाल्यावर अशी घरी येईल ना? पुढच्या महिन्यात तिचा पाचवा वाढदिवस आहे, हॉल बघतोय. फोनमध्ये १४ हजार फोटो आहेत. आणखी काय करू?’

हॉलचं आधी सांगून टाकते. परवडत असेल तर घे, नसेल तर घेऊ नकोस. तिच्या पहिल्या वाढदिवसाला तू दीडशे पानं वाढलीस, मीही जेवून गेले, छान झालं होतं. पण तो सण तुझा आणि सूनबाईंचा होता. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला मोठेपणी फारसं आठवत नाही. बोरन्हाणाचंही तेच. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा पडतो, शेजारची पोरं ते गोळा करायला तुटून पडतात आणि ज्याचं बोरन्हाण ते काळ्या झबल्यातलं बाळ भोकाड पसरतं. ते सगळं आपण आठवायचं असतं, त्याच्या वतीने. आता मात्र ती पाच वर्षांची होते आहे. यापुढचं तिच्याकडे राहायला लागेल, म्हणून तू आत्ता विचारलंस हे मला फार बरं वाटलं.

गणपतीच्या चार दिवस आधी आमच्या घरी काय झालं ते ऐक. श्रावणातली अमावास्या, पिठोरी. तुझ्या आईने केली असणारच. संध्याकाळी पूजा होते, आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, ‘अतीत कोण?’, म्हणजे अतिथी कोण. मागे उभं असलेलं मूल म्हणतं, ‘मी!’ आणि वाण मागच्या मागे काढून घेतं. व्रत मुलांच्या आयुष्यासाठी, पण माझ्या मुलांनी त्याचा कायमचा खेळ करून टाकला होता. मी विचारायच्या आधीच ‘मी’ म्हणायचं, आवाज बदलून म्हणायचं, एकदा तर दोघांनी मिळून शेजारच्या आजोबांना मागे उभं केलं होतं. त्यांनी आपल्या घोगऱ्या आवाजात ‘मी’ म्हटलं आणि मी दचकून ताट सांडलं. खीर जमिनीवर. सासूबाई रागावल्या, मग त्याच सगळ्यांत जास्त हसल्या.

आता मुलगी पुण्यात, मुलगा जर्मनीत. या पिठोरीलाही मी पाट मांडला, मागे स्टुलावर फोन उभा केला, दोघांना एकत्र व्हिडिओ कॉल लावला आणि फोनकडे पाठ करून बसले. आपल्याकडे साडेसात वाजले होते, तिकडे दुपारचे चार. मुलगा ऑफिसच्या जिन्यात येऊन उभा होता. मी विचारलं, ‘अतीत कोण?’ दोघंही एकाच वेळी ओरडले. जिन्यात त्याचा आवाज इतका घुमला की त्याच्या ऑफिसमधलं कोणीतरी काय झालं म्हणून बघायला आलं. मग आधी कोण बोललं यावर दहा मिनिटं वाद. खीर वरच्या मजल्यावरच्या पोरांनी खाल्ली. चार दिवसांनी दोघंही इथे येणारच होते, तरी तो फोन चुकला नाही.

तू पाहिलंस ते भांडण इथून सुरू होतं. ती दोघं त्यांच्या जागेवर परत येत होती. तशी जागा तुझ्या लेकीसाठी घरात असली पाहिजे, आणि ती हॉलमध्ये करता येत नाही. दरवर्षी त्याच दिवशी, तोच प्रश्न, तोच ठरलेला आचरटपणा, अशीच ती तयार होते. तुमच्या घरात एखादा सण निवडा आणि त्यात तिला एक काम द्या, जे फक्त तिचं असेल. किल्ल्यावर महाराज तिनेच बसवायचे. नरकचतुर्दशीला अंगणात कारीट फोडायला पहिला अंगठा तिचा. आकाशकंदिलाच्या कामट्या तू बांध, खळ तिला लावू दे, कागदाला सुरकुत्या पडू देत. आमच्या एका कंदिलाला इतकी खळ लागली होती की रात्री मुंग्यांनी अर्धा कागद पोखरला. पुढच्या वर्षांपासून त्याचं नावच ‘मुंग्यांचा कंदील’. विकतचे कंदील नंतर खूप आणले, त्यांतल्या एकालाही नाव मिळालं नाही.

नावांवरून आठवलं. लेकीचे चुकीचे शब्द जपून ठेव. माझ्या मुलाला तीन वर्षांचा असताना ‘मोदकपात्र’ म्हणता येत नसे, तो ‘मोदकरात्र’ म्हणायचा. तेव्हापासून हरतालिकेच्या रात्री आम्ही नारळ खवायला बसतो तिला आमच्या घरी मोदकरात्र म्हणतात. माझी सून पहिल्या वर्षी गोंधळली, तिला वाटलं हा कोकणातला काही कुळाचार असेल. आता तीच आठ दिवस आधी विचारते, ‘आई, मोदकरात्र कधी आहे?’ घराची अशी थोडी स्वतःची भाषा असावी. बाहेरून आलेलं माणूस ती शिकलं की घरातलं होतं.

आता त्या १४ हजार फोटोंविषयी. तू सांगलीतच वाढलास, २०१९चा ऑगस्ट तुला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं गावभागातलं तळमजल्याचं घर. मी विश्रामबागला बहिणीकडे गेले ती कागदपत्रं आणि देव घेऊन. अकरा अल्बम कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले, तिथवर पाणी येणार नाही असं वाटलं. पाणी कपाटाच्याही वर गेलं.

मुलं धावत आली. गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही फोटो सोडवायला बसलो. फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो पाण्याने फुगतो, मऊ पडतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला किंवा प्लास्टिकला घट्ट चिकटतो. आम्ही ते आधी उन्हात वाळवले आणि मग ओढले, त्यामुळे चेहरे कागदावरून निघून आले. खरं तर फोटो ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात धुवायचे, हळूच सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, म्हणजे सवडीने सोडवता येतात. हे मला नंतर कळलं. नदीकाठच्या प्रत्येक घराला हे माहीत असावं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

अकरापैकी दोन अल्बम वाचले. मी रडत होते. तेवढ्यात मुलीने एक पूर्ण पांढरा झालेला कागद उचलला आणि भावाला विचारलं, ‘हा कुठला असेल?’ तो म्हणाला, ‘माझी मुंज. आईने आणि मी शेवटची जिलबी दोन टोकांनी ओढली होती.’ आम्ही चारशे माणसं जेवू घातली होती, बँड होता, भिक्षावळीत सगळा गावभाग आला होता. त्याला आठवत होतं मातृभोजनाचं एक ताट आणि त्यातली तुटलेली जिलबी. मग सुरूच झालं. एकेक कोरा कागद उचलायचा आणि त्यात काय होतं ते सांगायचं. अंधार पडेपर्यंत आम्ही गच्चीवर होतो. मुलगा म्हणाला, किल्ल्यावर झोपलेली मांजर काळी होती. मला पक्कं आठवतं, पांढरी होती. मी काही बोलले नाही. फोटो गेलाय, त्याची मांजर काळीच राहू दे. तूही लेकीची आठवण दुरुस्त करायला जाऊ नकोस. ‘तसं नव्हतं गं’ असं तीनदा ऐकलं की मूल सांगायचंच थांबवतं. आम्ही शिक्षक मंडळींनी वर्गात ही चूक भरपूर केली आहे.

तिला ‘आठवतं का?’ असंही विचारू नकोस, त्याची परीक्षा होते. ‘मग तू काय केलंस?’, ‘तिथे वास कसला येत होता?’ असं विचार आणि गप्प बस. अमेरिकेत एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या दोघांनी यावर काम केलं आहे. मुलांना त्यांनी वीस प्रश्न विचारले : आईबाबा कुठे भेटले, तुझं नाव कसं ठेवलं, तू जन्मलीस तेव्हा काय झालं, असे. ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त माहीत होत्या त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. पण उत्तरं घोकून घेऊन काही होत नाही, हेही ड्यूक यांनी बजावलं आहे. काम होतं ते जेवताना, प्रवासात, पुन्हा पुन्हा बसून सांगण्या-ऐकण्याने. म्हणून तुझ्या १४ हजारांतले दरवर्षी बारा फोटो निवड, छापून घे आणि मागे पेन्सिलीने लिही. तारखेच्या शेजारी ती त्या दिवशी काय बोलली ते लिही. एक संच सासुरवाडीला ठेव, दोन्ही घरांत एकदम पाणी शिरणार नाही. आणि आजोबा बोलत असताना फोन नुसता टेबलावर ठेवून आवाज टिपून घे, कॅमेरा समोर धरलास तर ते भाषण करतील.

आता जे लिहिते आहे ते मला जड जातं, पण तुला माहीत असायला हवं. मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या समोर, मी ती दुसरीत असतानाची एक गोष्ट सांगितली. गॅदरिंगला स्टेजवर तिला आवाजच फुटला नाही आणि तिने परीच्या पंखांसकट पडद्यामागे एका खोक्यात स्वतःला लपवून घेतलं. सगळे हसले. मला ती गोष्ट फार गोड वाटायची, शेकडो वेळा सांगितली होती. त्या रात्री ती म्हणाली, ‘आई, ती गोष्ट माझी आहे. त्या खोक्यात मी होते. तू मला विचारलं नाहीस.’

मी तिची माफी मागितली आणि ती गोष्ट पुन्हा कधी तोंडातून काढली नाही. गेल्या वर्षी नातवाला शाळेच्या कार्यक्रमात बोलता आलं नाही, तो रडत घरी आला. माझ्यासमोर तिने त्याला मांडीवर घेतलं आणि खोक्याची गोष्ट सांगितली. पंख कसे टोचत होते, खोक्याला साबणाचा वास होता, बाहेर बाबांचे बूट दिसत होते आणि तो माणूस कितीतरी वेळ काही न बोलता नुसता तिथे उभा होता. बुटांचं मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी सांगत राहिले असते तर कधीच कळलं नसतं.

तेव्हा लेकीची गोष्ट चारचौघांत सांगायच्या आधी तिला विचार. पाच वर्षांच्या मुलीलाही विचारता येतं. ती ‘नको’ म्हणाली तर तोंड मिटून घे. आणि तुझ्या स्वतःच्या फजितीच्या गोष्टी तिला भरपूर सांग. पाचवीत भूगोलाच्या पेपरला तू कृष्णा अरबी समुद्राला नेऊन मिळवली होतीस, तिथून सुरुवात कर. पेपर मी तपासला होता, साक्षीला येईन.

यांचं सांगून थांबते. यांना केक आवडत नसे. वाढदिवस एप्रिलमध्ये, म्हणून आमच्याकडे कलिंगड कापायचे, त्यात एक मेणबत्ती खोचून, आणि बिया कोण लांब उडवतो याची स्पर्धा. २०१७ मध्ये हे गेले. पुढच्या एप्रिलमध्ये मी दिवसभर दार लावून बसले होते. रात्री मुलीने फोटो पाठवला : पुण्याच्या फ्लॅटची बाल्कनी, कलिंगड, मेणबत्ती. पाच मिनिटांत मुलाचा आला. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. मी उठले, कोपऱ्यावरच्या गाडीवर गेले, एकच फोड शिल्लक होती ती घेऊन आले. आता नातू बिया उडवतो. त्याने आजोबांना पाहिलेलं नाही, पण त्यांचा विक्रम अंगणातल्या तुळशीपर्यंतचा आहे हे त्याला माहीत आहे आणि तो मोडायचा प्रयत्न चालू आहे.

घटस्थापना जवळ आली. पाटावर हत्ती काढून मी अंगणात भोंडला करते, गल्लीतल्या पोरी येतात. लेकीला घेऊन ये, सूनबाईंनाही आण. गाणी झाली की खिरापत ओळखायची असते. डबा तिच्या कानाशी धरून हलवीन, वास घेऊ देईन, पण झाकण उघडणार नाही आणि तू विचारलंस तरी आत काय आहे ते सांगणार नाही.

तुझ्या,
बाई