पॉटकेटचा बेसबॉल संघ शहर सोडून का गेला?

मुख्य कारण स्टेडियम. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या सुमारे ७५ हजार वस्तीच्या या शहरात मॅकॉय स्टेडियम १९४२ मध्ये उघडलं. बॉस्टनच्या रेड सॉक्स या मुख्य लीगमधल्या क्लबचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मुख्य लीगच्या फक्त एक पायरी खालचा, तिथे १९७३ पासून खेळायचा. १९७७ मध्ये बुडीत निघालेला हा संघ बेन मॉन्डोर यांनी घेतला, तिकीट स्वस्त ठेवलं आणि घरंच्या घरं सामन्याला येऊ लागली.

बेसबॉलचा सामना एरवी ९ इनिंगांचा असतो; १९८१ चा ३३ इनिंगांचा विक्रमी सामना इथलाच. रात्री ठरावीक वेळेनंतर खेळ थांबवण्याचा नियम पंचांच्या पुस्तिकेत छापायचाच राहिला होता, म्हणून तो पहाटे ४:०७ पर्यंत चालला. तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते! उरलेली ३३वी इनिंग २३ जूनला १८ मिनिटांत संपली. पॉटकेट ३-२ ने जिंकलं.

मॉन्डोर २०१० मध्ये वारले, २०१५ मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांना नवं स्टेडियम हवं होतं, पण सरकारी पैशांवरून राज्यात घोडं अडलं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरने ते बांधून दिलं. २०२० चा हंगाम कोविडमुळे रद्द झाला, त्यामुळे पॉटकेटकरांना निरोपाचा सामनाही मिळाला नाही. २०२१ पासून संघ वूस्टरमध्ये खेळतो.