चिंगोलोला 'चिमणी' म्हणावं का?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. अँडीज पर्वतरांगांमधल्या एका प्रवासवर्णनात 'रूफस-कॉलर्ड स्पॅरो', म्हणजेच चिंगोलो, हा पक्षी वारंवार येतो. त्याला 'तांबूसकंठी चिमणी' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. अडचण दोन्ही शब्दांत आहे.

आधी 'कंठी' बघू. कंठ म्हणजे गळा, पुढची बाजू. या पक्ष्याचा गळा पांढरा असतो. तांबूस पट्टा असतो तो मानेच्या मागे, आणि तिथून छातीच्या दोन्ही बाजूंना उतरतो. डोकं राखाडी, त्यावर काळे पट्टे आणि किंचित उभारलेला तुरा. पोपटाला कंठ फुटतो तसं इथे काही नाही. वर्णनच करायचं असेल तर 'तांबूस मानेचा' म्हणा.

'चिमणी'चं दुखणं जास्त खोल आहे. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी तिथल्या लहानशा, तपकिरी, दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांना आपल्या ओळखीचं नाव देऊन टाकलं, इतकंच. नात्याने हे पक्षी आपल्या घरचिमणीपेक्षा भारिटाला जवळचे. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट आपल्याकडे माहीत आहे. अगदी अलीकडेपर्यंत शास्त्रज्ञ या दोघांना एकाच कुळात धरत होते. शिवाय खरी घरचिमणी एकोणिसाव्या शतकात माणसांनीच दक्षिण अमेरिकेत नेऊन सोडली. आता ब्युनोस आयर्सच्या एकाच बागेत दोघेही दाणे टिपताना दिसतात. तुमच्या लेखकाने एखाद्या पानावर दोघांचा उल्लेख केला, तर दोन 'चिमण्यां'चं काय करणार?

तिथल्या लोकांनी मात्र नावांची चंगळ केली आहे. अर्जेंटिनात तो चिंगोलो, चिलीत चिंकोल, ब्राझीलमध्ये टिको-टिको. बोगोटात तुऱ्यावरून कोपेतोन, म्हणजे आपला तुरेवाला. कोस्टा रिकात कोमेमाईस, मका खाणारा. व्हेनेझुएलात त्याला चक्क 'जमिनीवर पळणारा' म्हणतात, आणि ते पटतंही, कारण दाट जंगलात न शिरता रानाची कड, झुडपं, बांध, अंगणं अशा जागी खाली उतरून तो दाणे वेचत असतो. ब्राझीलमध्ये तर त्याच्यामुळे एक शिवीवजा शब्द रुळला. तिथला चुपिं नावाचा काळा पक्षी टिको-टिकोच्या घरट्यात अंडी घालतो, आणि स्वतःपेक्षा मोठं झालेलं ते पिल्लू बिचारा टिको-टिको भरवत बसतो. म्हणून दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसालाही 'चुपिं' म्हणतात. आपला 'ऐतखाऊ' इथे चपखल बसतो.

शास्त्रीय नावाची तर गंमतच आहे. 1776 साली स्टेटियस म्युलर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या नावात 'कापेन्सिस' घातलं, म्हणजे केप ऑफ गुड होपचा. हा पक्षी आफ्रिकेत मुळी नाहीच! तो मेक्सिकोच्या दक्षिण टोकापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या तळाशी असलेल्या तिएरा देल फुएगोपर्यंत राहतो. मूळ नमुन्याचं ठिकाण चुकीचं नोंदलं गेलं होतं. पण आधी दिलेलं नाव केवळ अर्थ चुकतो म्हणून बदलायचं नाही, असा नामकरणाचा नियम आहे, त्यामुळे ते तसंच राहिलं.

भाषेच्या माणसाला सगळ्यात रस वाटावा तो त्याच्या गाण्यात. दोन-तीन लांब शिट्ट्या आणि शेवटी एक कंप, एवढंच गाणं. पावशा आपल्याला 'पेरते व्हा' सांगतो, तसं चिलीतल्या लोकांना यात 'आमच्या आगुस्तीन काकांना पाहिलंत का?' असं ऐकू येतं. या गाण्याला बोलीही आहेत. पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक फर्नांडो नोट्टेबोम यांनी 1969 मध्ये अर्जेंटिनातल्या चिंगोलोंच्या बोलींवर लिहिलं. शेवटचा कंप झाडीच्या प्रदेशात संथ असतो आणि उघड्या गवताळ रानात जलद. झाडांवरून आवाज परतून येतो, तेव्हा भरभर म्हटलेले सूर एकमेकांत मिसळून जातात, असं त्याचं एक कारण देतात. पिल्लं आजूबाजूच्या नरांचं ऐकूनच गाणं शिकत असल्याने मुलखाची बोली पुढे चालते. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण माणसांपुरतंच धरून बसलो होतो.

तेव्हा अनुवादात सरळ 'चिंगोलो' लिहा. प्रवास चिलीतला असेल तर 'चिंकोल', कारण स्थानिक माणसाच्या तोंडी तेच येईल. पहिल्यांदा येईल तिथे 'भारिटाच्या जातकुळीतला, चिमणीएवढा पक्षी' एवढा खुलासा पुरे, तळटीप नको. लिंग पुल्लिंगी ठेवा. 'फोटो'सारखं अनेकवचनातही रूप बदलू नका: एक चिंगोलो, चार चिंगोलो, चिंगोलोचं घरटं. 'चिंगोले' मात्र करू नका, ते आडनाव वाटतं.